आल, आ, आय, आले

परकी भाषा शिकायची तर आपल्याकडे कारण द्यावं लागतं. जर्मन म्हटलं की समोरचा समजुतीनं मान हलवतो. त्याला स्टुटगार्टमधली नोकरी दिसत असते. जपानी म्हटलं की हिंजवडी. फ्रेंचवाल्याला हौशी समजून माफ करतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात ही सगळी कारणं वह्या छातीशी धरून बसलेली दिसतात. मी मात्र निवृत्तीनंतर रोमानियन शिकायला घेतली आणि माझ्यापाशी कारणच नव्हतं. मग ते शोधण्याचं काम मंडळींनी अंगावर घेतलं. मुलगा तिकडे असतो का? नाही, तो नागपूरला असतो. मग ती रशियनचीच बहीण ना? तीही नाही. जिप्सींची भाषा ती हीच का? नाही. मग कशाला?

या 'कशाला'ला उत्तर नाही, पण आधीच्या दोन प्रश्नांना आहे. रोमानियन ही लॅटिनची मुलगी. इ.स. १०६ मध्ये त्राजान बादशहानं डॅन्यूबपलीकडचा डाकिया जिंकला. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत रोमन फौजा माघारी गेल्या. लॅटिन तिथंच टिकून राहिली की पुढं दक्षिणेकडून पुन्हा आली, यावर इतिहासकार अजून भांडतात. आज ती बोलली जाते एवढं नक्की, आणि तिच्या शेजारी फ्रेंच-इटालियन बहिणी नाहीत. आहेत त्या बल्गेरियन, सर्बियन, युक्रेनियन, हंगेरियन. सासरी एकटी पडलेली मुलगी जशी सासरची बोली उचलते तशी हिनं शेजाऱ्यांची बरीच लकब उचलली, पण माहेरची काही भांडीही जपून ठेवली, जी माहेरच्यांनीच पुढं मोडीत काढली.

जिप्सींची, म्हणजे रोमा लोकांची भाषा रोमानी. ती वेगळी आणि खरं तर आपल्याच गोतावळ्यातली. तिच्यात नाक म्हणजे नाख, कान म्हणजे कान आणि पाणी म्हणजे पानी. हे लोक वालाकिया आणि मोल्दाविया या दोन रोमानियन राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुलाम होते. १८५५ आणि १८५६च्या कायद्यांनी ते सुटले.  भाषेत त्यांच्या खुणा आहेत. परीक्षेला निघालेल्या मुलाला रोमानियात 'बाफ्तअ' म्हणून शुभेच्छा देतात. हा नशीबवाचक शब्द रोमानीतून आला, रोमानीत फारसीतून आला, आणि कमबख्त या शब्दातला बख्त तो हाच.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे येतो. बाजारात मिळणारी पुस्तकं इंग्रजी माणसाला समोर ठेवून लिहिलेली असतात आणि त्यांचा सूर घाट चढण्याआधीच्या पाटीसारखा असतो: पुढे धोका आहे. पहिला धोका उच्चारांचा. रोमानियन लिपीत 'ए'च्या डोक्यावर वाटी ठेवलेलं एक अक्षर आहे. त्याचा उच्चार समजावताना पुस्तक घामाघूम होतं: तोंड अर्धवट उघडा, ओठ सैल सोडा, सोफा या इंग्रजी शब्दाच्या शेवटी जे अस्पष्ट काही ऐकू येतं ते आठवा. एवढा खटाटोप ज्याच्यासाठी चाललाय तो आपला अ आहे. बाराखडीच्या पहिल्या घरातला, साधा, बिनकाना-मात्र्याचा अ.

दुसरा धोका म्हणे 'त्स'चा. रोमानियनमध्ये दोन च आहेत, आणि कोणता कुठं येतो हे शिकणं कठीण जातं. मराठी माणसाला हे वाचून गंमत वाटावी. आपल्याकडे चाकातला च आणि चिंचेतला च हे दोन वेगळे आहेत हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी आपण चुकत नाही. उलट चुकणाऱ्यावरून तो कुठल्या प्रांतातून आला हे ओळखतो. रोमानियनमध्ये धन्यवादाला 'मुलचुमेस्क' म्हणतात. त्यातला चु हा चुलत्याचा चु. चहाला 'च्याय', तो चिंचेच्या घरचा. झालं, धडा संपला.

खरा अवघड आहे तो एकच स्वर, खुद्द रोमानिया या नावाच्या पोटात बसलेला. ओठ 'ई'साठी ताणायचे आणि जीभ मात्र मागं ओढायची. हा स्वर दोन वेगळ्या अक्षरांनी लिहितात आणि त्यावरून तिथं राजकारण झालं. १९५३मध्ये एक अक्षर जवळपास हद्दपार केलं, मग देशाच्या नावात तरी ते राहू द्या म्हणून थोडी सूट दिली, आणि १९९३मध्ये त्यांच्या अकादमीनं ते पुन्हा सन्मानानं आणून बसवलं. ऱ्हस्व-दीर्घावरून दिवाळी अंकांत वाद वाचलेल्या वाचकाला यात नवं काही वाटणार नाही.

शब्दाच्या शेवटी येणारा 'इ' तर बोलायचाच नसतो, कुजबुजायचा असतो. म्हणून ज्याला आपण बुखारेस्ट म्हणतो ते 'बुकुरेश्त' आणि त्याच्या मागं एक इ-कारी नि:श्वास. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी ज्याची पक्षीशिल्पं घेतली आणि ज्याला एका मंदिराचा आराखडा करायला सांगितला तो शिल्पकार आपल्याकडे ब्रांकुसी म्हणून छापला जातो. त्याच्या गावी तो 'ब्रिन्कुश' होता. १९३७-३८च्या हिवाळ्यात तो इंदूरला येऊनही गेला. मंदिर काही झालं नाही. इंदुरात त्याला लोक काय म्हणाले असतील, कोण जाणे. या कुजबुजीवर कधी कधी सगळा अर्थ टांगलेला असतो. 'लुप' म्हणजे लांडगा. तोच शब्द शेवटी नुसता श्वास सोडून म्हटला की लांडगे. रानात ओरडून सांगायची वेळ आली तर एक आहे की कळप आहे, हे समोरच्याला कसं कळवत असतील याची मला खरोखर काळजी वाटते.

मग येतो व्याकरणाचा घाट, आणि माझी खरी करमणूक तिथं झाली. पुस्तक हळहळून सांगतं, की या भाषेत तीन लिंगं आहेत. बाकीच्या लॅटिनकन्यांनी नपुंसकलिंग कधीच सोडून दिलं, हिनं ठेवलं. अरेरे. ज्याच्या भाषेत तो दगड, ती वीट आणि ते झाड एकाच भिंतीपाशी नांदतात त्याला तीन लिंगांची भीती घालायची? आपल्याला उलट दोन लिंगांचीच भाषा अपुरी वाटते. हिंदी बोलताना झाडाचं काय करायचं हा प्रश्न आपल्याला अजून पडतो.

मात्र इथं रोमानियननं मला एक टपली दिली, ती नोंदवली पाहिजे. तिचं नपुंसकलिंग आपल्यासारखं स्वतंत्र संसार करत नाही. एकवचनात ते पुल्लिंगी वागतं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी. खुर्ची म्हणजे 'स्काउन'. एक असली की 'उन स्काउन', म्हणजे तो खुर्ची. दोन झाल्या की 'दोउअ स्काउने', म्हणजे त्या खुर्च्या. आगगाडी, हॉटेल, अंडं, सगळ्यांचं असंच. बाहेरून आलेले निर्जीव शब्द तर बहुतेक याच खोलीत राहायला पाठवतात: कॉम्प्युटर, वीकेंड, जॉब. ही सोय मला फार आवडली. आपण 'तो ईमेल' की 'ती ईमेल' यावर अजून कचेऱ्यांमध्ये भांडतो. त्यांनी ठरवून टाकलंय, एकटा आहे तोवर तो, जास्त झाले की त्या.

आर्टिकल नावाचं जे प्रकरण आपल्याला शाळेतल्या इंग्रजीत छळतं, ते रोमानियनमध्ये शब्दाच्या पुढं न येता शेपटीला लागतं. लुप म्हणजे लांडगा, 'लुपुल' म्हणजे तो अमुक लांडगा. 'कासअ' म्हणजे घर, 'कासा' म्हणजे ते घर. नुसता अ लांबवला की घर ओळखीचं होतं. फ्रेंच-इटालियनमध्ये हे असं नाही. हे आलं शेजारातून. बल्गेरियन आणि अल्बानियन याही शेपटीलाच लावतात, आणि या तिघी काही एका आईच्या नाहीत. शेजारधर्मानं व्याकरण बदलतं हे कुणाला अजब वाटेल, पण कानडीच्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या मराठीला वाटू नये. 'आपण' आणि 'आम्ही' हा जो बारीक भेद आपण रोज करतो तो द्राविडी शेजारातून आला, असंच भाषेचे अभ्यासक सांगतात. आणि शेपटीचं म्हणाल तर आपण शब्दामागं काय काय जोडतो ते पाहा. 'घरातल्यांच्याबद्दलसुद्धा' हा शब्द सहज उच्चारणाऱ्या माणसाला लुपुलमधल्या 'उल'चं ओझं ते काय होणार?

यापुढचा धडा मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. षष्ठीचा धडा. एखादी वस्तू अमक्याची आहे असं सांगताना रोमानियनमध्ये मध्ये एक छोटा शब्द येतो, आणि तो मालकाप्रमाणे नाही तर वस्तूच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. मित्र असेल तर 'आल', पुस्तक स्त्रीलिंगी म्हणून 'आ', मित्र पुष्कळ असतील तर 'आय', पुस्तकं पुष्कळ असतील तर 'आले'. पुस्तकानं याला सर्वांत किचकट प्रकरण म्हटलं होतं. हे आपले चा, ची, चे, च्या आहेत! मारियाचा मित्र, मारियाची वही. मारिया तीच, वस्तू बदलली की प्रत्यय बदलला. इंग्रज बिचारा एक उलटा स्वल्पविराम टाकून मोकळा होतो, म्हणून त्याला हे किचकट. आपण चा-ची-चे पाळण्यातून शिकून आलोय.

तीच गोष्ट भुकेची. रोमानियन माणूस 'मी भुकेला आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो 'म्ये फ्वामे', म्हणजे मला भूक आहे. म्ये फ्रीग, मला थंडी वाजतेय. म्ये फ्रीकअ, मला भीती वाटते. म्ये रुशीने, मला लाज वाटते. म्ये सोम्न, मला झोप येतेय. सगळं माणसाला होतं, माणूस करत काहीच नाही. आवडण्याचंही तसंच. 'इम् प्लाचे' म्हणजे मला आवडतं, आणि आवडणाऱ्या गोष्टी अनेक झाल्या की 'इम् प्लाक', मला आवडतात. क्रियापद सफरचंदाच्या मागं जातं, माझ्या मागं नाही. इंग्रजीवाल्यांसाठी इथं चौकटीत सूचना छापलेली असते. आपण ती चौकट ओलांडून सरळ फळबाजारात जावं.

(याच रांगेत 'म्ये दोर' येतं, हुरहूर लागली या अर्थी. या 'दोर'चं भाषांतर जगात कुठल्याच भाषेत होत नाही असं प्रत्येक पुस्तक डोळे पुसत सांगतं. प्रत्येक भाषेचा असा एक शब्द असतो. मी तो धडा वगळला.)

हाक मारायची विभक्तीही तिथं शाबूत आहे. देवाला हाक मारताना आपण 'देवा!' म्हणतो, ते 'द्वाम्ने!' म्हणतात. माणसाला 'ओमुले!', अरे माणसा. मुलींनो म्हणायचं तर 'फेतेलोर!'. पुढं अरे-अगंसारखा 'मअय' लावला की रस्त्यावरचं भांडण पूर्ण व्याकरणशुद्ध होतं. आदरासाठी तू आणि 'दुम्न्यावास्त्रअ' या दोघांच्या मध्ये 'दुम्न्याता' नावाची एक पायरी आहे. गावाकडच्या वडीलधाऱ्याला धड अरेतुरेही करवत नाही आणि धड आपण-आपणही म्हणवत नाही, तेव्हा ती कामाला येते. मोठ्या बायकांना 'सअरुमिना' म्हणायचं, म्हणजे हाताला मुका. जेवून उठलेली मुलं आईला हेच म्हणतात, जेवणाबद्दल. आपल्याकडं पंगतीत 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, पण घरात रोजच्या आमटीला कुणी काही म्हणत नाही. हे मी घरी बोलून दाखवलं, ते दाखवायला नको होतं.

शब्दांकडे वळलं की मात्र गोंधळ उडतो. 'मामा' म्हणजे आई. 'बाबअ' म्हणजे म्हातारी. 'काल' म्हणजे घोडा. 'आणि'ला 'शी' म्हणतात, त्यामुळे चहा आणि कॉफी मागताना दोन पेयांच्या मध्ये आपण नाक मुरडल्यासारखं वाटतं. उलट 'ला' मात्र थेट आपला निघाला: 'ला पियाचअ' म्हणजे बाजाराला, 'ला गारअ' म्हणजे स्टेशनला. नुसता योगायोग, आपला मागं, त्यांचा पुढं.

योगायोग नाहीत ते शब्द दोन वाटांनी आले. एक वाट फार जुनी. दात म्हणजे 'दिन्ते', सात म्हणजे 'शाप्ते', नऊ म्हणजे 'नोउअ', आणि नवी या अर्थीही नोउअच. नातू म्हणजे 'नेपोत', संस्कृतातला नप्तृ. आणि सासू 'स्वाक्रअ', सून 'नोरअ'. संस्कृत श्वश्रू आणि स्नुषा यांच्या सख्ख्या नातलग. म्हणजे लोक पांगले, देव बदलले, पण सासू-सून ही जोडी दोन्हीकडे एकमेकींकडे बघत शिल्लक राहिली. योन क्र्यांगअ या लेखकाची 'सासू आणि तिच्या तीन सुना' ही गोष्ट १८७५मध्ये छापली गेली आणि तिथं ती अजून आवडीनं वाचतात. शेवट सुनांच्या बाजूनं आहे आणि भयंकर आहे. एकत्र कुटुंबात मोठ्यानं वाचू नये.

दुसरी वाट तुर्कांची. रोमानियन राज्यं शतकानुशतकं उस्मानी सुलतानाला खंडणी देत होती, आणि इकडं आपल्यावर बहमनी, आदिलशाही, मोगल. दोघांच्याही कचेऱ्यांत आणि बाजारांत फारसी-अरबी शब्द शिरले. म्हणून रोमानियनमध्ये दुश्मान म्हणजे दुश्मन, हामाल म्हणजे हमाल. 'माय्दान' म्हणजे ओसाड मोकळी जागा, आणि 'महाला' हा मोहल्ला असला तरी जरा बदनाम. वेटरला देतात ते 'बाक्शिश'. 'मुसाफिर' तिथं प्रवासी राहिला नाही, पाहुणा झाला, म्हणजे घरी पोचला. 'पापुक' म्हणजे सपाता, आपला जुना पायपोस. 'हाल' म्हणजे वाईट अवस्था, अगदी आपल्याच अर्थानं. आणि मला ठाऊक नाही असं म्हणायचं तर 'हाबार नाम', खबर नाही. हे वाक्य नवशिक्यानं सगळ्यांत आधी पाठ करावं, रोज लागतं.

हे शब्द हाकलायचेही प्रयत्न झाले. आपल्याकडं शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढं सावरकरांनी भाषाशुद्धी मांडली. तिकडं १८६०च्या सुमारास सिरिलिक लिपी टाकून लॅटिन लिपी घेतली, आणि १८७१ ते १८७६ या काळात लाउरियान आणि मासिम या दोघा पंडितांनी असा कोश केला, की त्यात लॅटिन कुळाचे शब्द तेवढे आत आणि स्लाव-तुर्की कुळाचे वेगळ्या यादीत, बाहेर. लोक हसले आणि हमालाला हमालच म्हणत राहिले. आपल्याकडं महापौर रुजला, दिनांक रुजला, पण खबर आणि हाल जिथल्या तिथं आहेत. माझं मत विचाराल तर दोन्हीकडच्या लोकांनी बरोबर केलं.

आकड्यांचं सांगायचं राहिलं. अकरा म्हणजे 'उन्स्प्रेझेचे', दहावर एक. एकवीस म्हणजे 'दोउअझेच शी उनु', दोन दहा आणि एक. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' छापून आलं तेव्हा आपल्याकडं केवढा गहजब झाला! रोमानियन पोरं ते निमूट म्हणतात. पण त्यांचा एक नियम आपल्या एकोणचाळीस-एकोणपन्नासाइतकाच खट आहे. त्यांचं नाणं लेउ, म्हणजे सिंह, अनेकवचन लेय. एकोणीस लेय सरळ म्हणायचे, पण वीस झाले की मध्ये 'दे' घालायचा: विसांचे लेय. शंभराच्या पुढं गेलं की एकशेएक ते एकशेएकोणीसपर्यंत 'दे' पुन्हा गायब. असं का, ते विचारल्यावर माझ्याकडच्या तिन्ही पुस्तकांचं उत्तर एकच आहे: हाबार नाम.

आता रोमानियाशी आपला संबंध काय, असं अजूनही कुणी म्हणेल, तर २००७पासून नाशिकच्या कारखान्यात बांधून महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावलेली लोगान गाडी मूळची तिकडची, डाकिया कंपनीची. आणि २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून सुटलेल्या आपल्या विद्यार्थ्यांचं पहिलं विमान मुंबईला उतरलं ते बुखारेस्टहून. त्या मुलांनी सीमेवर जो पहिला शब्द ऐकला असेल तो बहुधा 'पोफ्तीम' असेल, म्हणजे घ्या, या, बसा.

तेव्हा ज्याला मराठी आणि रोमानियन दोन्ही चांगल्या येतात अशा कुणीतरी मराठीतून रोमानियनचं एक पुस्तक लिहावं. माझ्या पाहण्यात तसं नाही. ते येईपर्यंत इंग्रजी पुस्तक वापरणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की 'किचकट' असा शिक्का मारलेले धडे आधी वाचा. आपले पाहुणे तिथंच उतरलेले आहेत.